सामंतबाईंचा ओटा आणि माझा

घराचं काम उक्तं देताय की रोजंदारीवर? थांबा, आधी माझं ऐका.

चंडीगडला आमच्या शेजारी सामंतबाई राहायच्या. दोघींचे नवरे एकाच सरकारी कचेरीत. बाईंनी स्वयंपाकघरात उभा ओटा करायला काढला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी काम उक्तं, म्हणजे एकरकमी ठरवून दिलं, म्हणून मी हट्टानं रोजंदारीवर दिलं, तिथल्या भाषेत दिहाडीवर. यांना म्हटलं, "उक्त्या कामात नुसती उरकाउरक होते. आपला ओटा त्यांच्यापेक्षा देखणा व्हायला हवा." मिस्त्री मात्र दोघींचा एकच, करतारसिंग.

पंधरा दिवसांत सामंतबाई उभ्यानं पोळ्या लाटायला लागल्या. माझ्याकडे नुसत्या विटा! करतारसिंग रोज यायचा, आल्याचा चहा प्यायचा, गावाकडच्या म्हशीचं कौतुक सांगायचा आणि चार विटा लावून जायचा.

शेवटी मी भडकलेच. "मिस्त्रीजी, उनका तो हो भी गया!"

तो शांतपणे म्हणाला, "बीबीजी, वहाँ ठेका था, जल्दी थी. ये तो अपना घर है जी."

तेवढ्यात सामंतबाई डोकावल्या. त्याच्या हातातल्या कपाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्याकडे बरा बसतो हो गप्पा मारत! माझ्याकडे मेल्यानं एकदा घोटभर चहा घेतला नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंना माझा हेवा वाटत होता!

मी त्यांच्यादेखतच म्हटलं, "मिस्त्रीजी, इसके बाद बाथरूम भी आप ही करना. दिहाडी पे!"