डावीकडचं स्टेअरिंग

माझी जुनी अमेरिकन गाडी तुम्हाला ठाऊकच हाय. दारात मावत न्हाई एवढी लांब, वरून उघडी, आन स्टेअरिंग डावीकडं. पुतण्या हट्टालाच पेटला, "काका, लग्नाला मी हिच्यातूनच जाणार." निघालो राजेश्वरला, नवरीच्या गावाला. मी चालवायलोय, नवरदेव शेजारी उजवीकडं, माझी बायको मागं. वाऱ्यानं बाशिंग उडायलंय म्हणून त्यानं ते काढून तिच्याकडं दिलं. फेटे तर आम्हा दोघांनाबी सारखेच.

मांडवापुढं थांबलो. नवरीच्या आत्यानं नवरदेव कधी बघितलेला न्हाई. उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर, एवढंच तिला माहीत. तिनं सरळ येऊन मला कुंकू लावलं, ओवाळलं, हार घातला. मी म्हणायलोय, "अक्का, मी न्हाई," तर म्हणाली, "लाजू नका, जावईबापू." आन शेजारणीला हळूच, "पोरगा थोराड हाय, पर गाडी बघ की." मग पुतण्याला, "ड्रायव्हरअण्णा, गाडी चिंचेखाली लाव. तुझं जेवण मागल्या दारी हाय."

तेवढ्यात बायकोनं मागून बाशिंग माझ्यापुढं धरलं. "गाडी विका म्हणून सांगून थकले. आता हे बी बांधा, सवत घेऊनच घरी जाऊ."