हलकी शाल

भिवापूरहून आलेल्या दोघी बायका धंतोलीच्या दवाखान्यात चारुशीलेच्या शेजारी बसल्या होत्या. थोरलीच्या हातात क्रोशाची सुई होती आणि मांडीवर अर्धी उसवलेली पांढरी शाल. आपला नंबर येईपर्यंत चारुशीलेच्या कानावर त्यांचं बोलणं पडत राहिलं.

"इतकी छान झाली होती, काहून उसवून राहिली वं गोपिका?"

"माही बिमार लेक प्रेमिला म्हणते, अंगावर जड होते."

"सुताची शाल जड?"

"लोकरीची तं तिनं पहिल्याच दिवशी काढून फेकली. आता हेही सहन नाही होत तिले. म्हणून भरीव खांबाचे टाके कमी केले, पोकळ साखळ्या वाढवून राहिली. जाळी मोठी झाली का वजन कमी होते."

"मंग थंडी कशी थांबन?"

"थंडीसाठी कोण विणते वं शामला! तिची पोरगी खाटेजवळ येत नाही. मायची हाडं पाहून भेते. तेवढी झाकली पाहिजेत."

"पण एवढ्या मोठ्या जाळीतून तं सारंच दिसन."

सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"नातीले मी तिची माय दारातूनच, दुरून दाखवीन."