कुम हेलिगची सात मतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, त्रेहेलिगचे नगराध्यक्ष श्री. मेरेडिथ वॉन, परवापर्यंत आपले खासदार असलेले आणि आता माझ्यासारखेच साधे नागरिक झालेले प्रमुख पाहुणे, बेथेल चॅपेलचे आदरणीय पाद्रीसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती नेस्टा प्यू, आणि दोन्ही खोऱ्यांतून, मेंढ्या विण्याच्या भर हंगामात त्या शेजाऱ्यावर सोपवून इथवर आलेल्या माझ्या कुम हेलिगच्या मतदार बंधूंनो आणि भगिनींनो,

खरं तर तुम्हाला कुम हेलिगचे मतदार म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. संसद विसर्जित झाली त्या क्षणी आपला मतदारसंघ नकाशावरून गेला. एकशे पंचवीस वर्षांचा होता. वरचं खोरं एकीकडे गेलं, खालचं दुसरीकडे. पण आज संध्याकाळपुरतं मी तुम्हाला त्याच नावाने हाक मारणार आहे. कुणाची हरकत असेल तर त्यांनी लेखी द्यावी.

मला आयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत. मजूर पक्षाचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून तीस वर्षं मी या सभागृहात उभा राहिलो, दहा मिनिटांत कधीच थांबलो नाही. आजही थांबेन असं वचन देत नाही. माइक जरा वर करता का? हं, असा.

मागच्या भिंतीवर ग्रंथालयाने निकालांचा सुंदर तक्ता लावला आहे. चहाच्या वेळी सगळ्यांनी तो वाचलाय, हे त्यावरच्या लोण्याच्या बोटांवरून कळतं. त्या तक्त्यात काय दिसतं? पहिली एकवीस वर्षं हुजूर पक्ष, म्हणजे गढीवरच्या साहेबांचे जावई. हे जावई आयुष्यात दोनदा इथे आले आणि दोन्ही वेळा रस्ता चुकले, असं माझे आजोबा सांगायचे. मग एकोणीसशे सहा. पाटीच्या दगडाच्या खाणीतले कामगार, खंडकरी शेतकरी आणि चॅपेलवाले एकत्र आले, आणि उदारमतवादी पक्ष निवडून आला. तो असा आला की अडुसष्ट वर्षं हलला नाही. दोन महायुद्धं झाली, खाणी बंद पडल्या, रेल्वे उखडली, पण कुम हेलिग उदारमतवादी ते उदारमतवादीच. आमच्या मजूर पक्षाची अनामत वाचली तरी आम्ही घरी केक कापायचो.

आणि मग त्या तक्त्यात एक ओळ येते. फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर. बेटी रॉसर, मजूर पक्ष. मताधिक्य, सात.

मंडळी, त्या सातची गोष्ट सांगायलाच मी उभा आहे. तक्त्यात ती मावलेली नाही.

आमच्या उमेदवार बेटीबाई तेव्हा पन्नाशीच्या. खोऱ्यातल्या परिचारिका. सायकलवरून घरोघर जाऊन त्यांनी निम्म्या मतदारांची बाळंतपणं केलेली. प्रचारसभेत म्हणायच्या, "तुमच्यातल्या निम्म्यांना पहिली चापट मी मारली आहे, दुसरी मारायला लावू नका." मी एकोणतीस वर्षांचा, त्यांचा प्रतिनिधी, आणि अर्थातच सर्वज्ञ.

समोर उदारमतवादी पक्ष. त्यांचे उमेदवार आजच्या गोष्टीत महत्त्वाचे नाहीत, त्यांच्या आत्म्याने क्षमा करावी. त्यांचा खरा कणा म्हणजे संघटनेचे सचिव कॅडव्हन प्यू. पुलाजवळचं कापडाचं दुकान त्यांचं. उंच, सडपातळ, गळ्यात कायम मोजपट्टी. शेतावरच्या बायकांना कोटाचं कापड फाडून देता देता ते मत पक्कं करून घ्यायचे, आणि कापड चार बोटं जास्तच द्यायचे. आई लवकर गेलेली त्यांची एकुलती एक मुलगी, नेस्टा. नगरपालिकेत कारकून, वय चोवीस. मतमोजणीला सातव्या टेबलावर तिची नेमणूक झाली होती. नातेवाईक कसे काय बसवले, असं आज कुणी विचारेल. अहो, नातेवाईक वगळले असते तर कुम हेलिगमध्ये मतं मोजायला माणूस उरला असता का?

डोंगरातल्या पेट्या यायला वेळ लागतो म्हणून आपली मोजणी कायम दुसऱ्या दिवशी सकाळी, याच सभागृहात. त्या शुक्रवारी दुपारी एक वाजता पहिला आकडा आला. उदारमतवादी त्र्याण्णव मतांनी पुढे.

त्र्याण्णव. अडुसष्ट वर्षांत आम्ही इतके जवळ कधी आलो नव्हतो. मी फेरमोजणी मागितली. तीन वाजता दुसरा आकडा, एक्याण्णव. आता मी इथे, सगळ्यांसमोर, एक कबुली देतो. मीच बेटीबाईंना म्हणालो की आता पुरे, हार मान्य करू. त्यांनी मान हलवली आणि भाषणाचा कागद शोधू लागल्या. निवडणूक अधिकारी क्लेडविन हार्ट निकालपत्र घेऊन या व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले.

तेव्हा सातव्या टेबलावरून एक हात वर झाला.

नेस्टा उभी राहिली होती. चेहरा भिंतीसारखा पांढरा. ती म्हणाली, "साहेब, माझ्या हातून चूक झाली आहे. जरा थांबता का?"

काय झालं होतं ते नीट सांगतो. पन्नास पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे बांधून ज्याच्या त्याच्या रांगेत ठेवायचे. सकाळी सातव्या टेबलावरचे रबरबँड संपले, म्हणून नेस्टाने आपल्या विणकामाची हिरवी लोकर तोडून दोन गठ्ठे बांधले. दोन्ही बेटी रॉसरचे. आणि आता हार्टसाहेब पायऱ्या चढत असताना तिला दिसलं, की हिरव्या लोकरीचा एक गठ्ठा बेटीच्या रांगेत आहे आणि दुसरा आहे तो तिच्या वडिलांच्या पक्षाच्या रांगेत.

हार्टसाहेब खाली आले. सगळ्यांच्या देखत गठ्ठा सोडला. वरची मतपत्रिका उदारमतवादी पक्षाची. खालच्या एकोणपन्नास मजूर पक्षाच्या. ती वरची एक नेस्टाच्या हातून चुकून आत गेली होती. गठ्ठे उचलणाऱ्याने वरची पाहून तो तिकडे ठेवला, आणि फेरमोजणीत दुसऱ्या टेबलाने नुसत्या कडा मोजल्या, पन्नास भरल्या, झालं.

गणित करा मंडळी. तिकडचे एकोणपन्नास वजा, इकडे एकोणपन्नास अधिक. एक्याण्णवची आघाडी गेली आणि आम्ही सातने पुढे. मग एकेक मतपत्रिका हातात धरून तिसरी मोजणी झाली. सातच.

तुम्ही विचार करा. ती गप्प बसली असती तर? कुणाला कळलं असतं? त्या लोकरीचा अर्थ तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. चूक तिची, नोकरी तिची, पक्ष वडिलांचा. आणि वडील तिच्यापासून दहा पावलांवर, पक्षाचा पिवळा बिल्ला लावून उभे.

सभागृहात काय गोंधळ झाला म्हणून सांगू. आमचे जुने खाणवाले बाकांवर चढले. दोन्ही बाजूंनी गाणी सुरू झाली, आमची विजयाची, त्यांची सवयीची. मला कुणीतरी खांद्यावर घेतलं. आणि त्या खांद्यावरून मला दिसलं, की कॅडव्हन प्यू गर्दीतून वाट काढत सातव्या टेबलाकडे निघाले आहेत. नेस्टा हात मांडीवर ठेवून बसलेली. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलतो कोण जाणे. मी खाली उडी मारून जवळ गेलो, म्हणजे ऐकायलाच गेलो, खोटं कशाला सांगू.

ते म्हणाले, "नेस, सकाळपासून चहा घेतलास का?"

ती नाही म्हणाली. त्यांनी स्वतः जाऊन कप आणला, तिच्यापुढे ठेवला आणि टोपी घालून निघून गेले.

पुढचे आठ महिने सोपे नव्हते. इथे त्या वेळचे लोक बसले आहेत, त्यांना आठवत असेल; नसेल तर मी आठवण करून देत नाही. काही शेतकरीण बायका कापडासाठी पलीकडच्या गावाला जाऊ लागल्या. चॅपेलमध्ये प्यू बापलेकींच्या बाकावर जागा मोकळी राहू लागली. सात मतांसाठी पोरीने बापाला विकलं, असं दुकानात उभं राहून एका बाईंनी ऐकवलं. नेस्टाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, की बाबांनी त्या बाईंना कापड नेहमीसारखंच चार बोटं जास्त दिलं आणि त्या गेल्यावर दुकान लवकर बंद करून तिला समुद्रावर फिरायला नेलं. निवडणुकीबद्दल घरात एक शब्द नाही. तिला तोच अबोला सगळ्यात जड गेला. बाबांनी मनात काय ठेवलं आहे, तिला कळत नव्हतं.

आणि सरकार टिकलं नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक.

मोजणीच्या आधी हार्टसाहेबांनी आम्हा पक्षवाल्यांना कचेरीत बोलावलं. मी होतो, कॅडव्हन होते. कॅडव्हननी खिशातून पत्र काढलं. उदारमतवादी संघटनेचा ठराव. कुमारी प्यू यांना मोजणीच्या कामावर घेऊ नये, आमचा त्यांच्यावर विश्वास नाही. सचिव म्हणून सही त्यांचीच. आवाज हलू न देता त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली, साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मग म्हणाले, "हे संघटनेचं झालं. सांगितलेलं काम केलं. आता माझं स्वतःचं. माझी मुलगी त्या दिवशी मोजणीला नसेल, तर साहेब, आमच्या पक्षाला किती मतं पडली हे मला कळणार नाही. तुम्ही आकडा सांगाल, पण मला कळणार नाही."

हार्टसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मजूर पक्षाचं काय म्हणणं? मंडळी, दुसरी कबुली. मी लगेच हो म्हणालो नाही. बाप इतका आग्रह करतोय, यात काही डाव तर नाही ना, असं माझ्या मनात आलं. फेब्रुवारीत जिने आम्हाला संसदेत पाठवलं तिच्याबद्दल. मग हरकत नाही म्हणालो, पण तो क्षण गेलाच. नेस्टा, छत्तीस वर्षं मी हे तुला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

बाहेर आल्यावर कॅडव्हन पायऱ्यांवर थांबले होते. मी म्हटलं, हे तुम्ही तिला घरी सांगा. ते म्हणाले, "मला असलं बोलता येत नाही रे. तू सांग." आणि मी तसाच नगरपालिकेच्या मागच्या खोलीत गेलो आणि नेस्टाला शब्द न् शब्द सांगितला. तिने टंकलेखन यंत्र बाजूला सारलं. मग म्हणाली, "पुन्हा एकदा सांगता का?" मी पुन्हा सांगितलं.

ऑक्टोबरच्या मोजणीला हार्टसाहेबांनी तिला टेबलावर बसवलंच नाही. प्रत्येक गठ्ठा रांगेत जाण्याआधी शेवटचा तिने तपासायचा, असं काम दिलं. दुपारी आकडा आला. उदारमतवादी पक्ष बारा मतांनी पुढे.

बारा. मी फेरमोजणीचा अर्ज खिशात भरूनच आणला होता. तो काढला, पेन काढलं, आणि बेटीबाईंनी माझं मनगट धरलं.

"गठ्ठे शेवटी कुणी तपासले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नेस्टाने. सगळे.

"मग कोट घाल, इथेल. घरी जाऊ."

मी हट्टाला पेटलो. बारा मतं आहेत, बाई, फक्त बारा, कुणीही मागेल. आठ महिन्यांची खासदार असलेली ती बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "फेब्रुवारीत तिच्या शब्दावर मी लंडनला गेले. आता तिच्याच शब्दावर परत येते. यात पुन्हा मोजायचं काय आहे?"

आणि त्या तशाच नेस्टाकडे गेल्या, तिचा हात हातात घेतला, आणि मग उमेदवाराआधी कॅडव्हन प्यूंचं अभिनंदन केलं. कॅडव्हननी टोपी काढली. त्यांचा पक्ष जिंकला होता, पण ते पाहत होते मुलीकडे. ती त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, आकडा बरोबर आहे." ते म्हणाले, "मला कळलं."

त्यानंतर या मतदारसंघात सात निवडणुका झाल्या. कधी ते जिंकले, कधी आम्ही, एकदा तर तिसरेच. पुढे नेस्टा मोजणीची प्रमुख झाली. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत कुम हेलिगमध्ये एकाही पक्षाने फेरमोजणी मागितली नाही. एकदाही नाही. हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही, म्हणून मी बोललो.

उद्यापासून वरचं खोरं आणि खालचं खोरं वेगवेगळ्या माणसांना मत देतील. आपली मतं दुसऱ्या गावात, आपल्याला न ओळखणारे हात मोजतील. चांगलेच असतील ते हात. पण हरणाऱ्याने कोट घालून शांतपणे घरी जावं, असा मतदारसंघ एकशे पंचवीस वर्षांत आपल्याला एकदा मिळाला, आणि तो या बाईंनी दिला. नेस्टा, उभी राहा. लाजू नकोस, आज मतमोजणी नाही. मंडळी, तुम्हीही उभे राहा.

धन्यवाद. बसा आता, गुडघे माझ्याच वयाचे आहेत सगळ्यांचे.

मला बोलायला बोलावल्याबद्दल नगराध्यक्षांचे, ऐकून घेतल्याबद्दल तुमचे, आणि 'बारा ब्रिथ' हा आपला मनुक्यांचा पाव भाजणाऱ्या चॅपेलच्या महिलामंडळाचे मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाच्या आजोबांबद्दल, पक्षाबद्दल, किंवा गढीवरच्या जावयांबद्दल अधिकउणं निघालं असेल, तर एका हरलेल्या प्रतिनिधीचं बोलणं समजून पोटात घालावं. दहा मिनिटांचं वचन दिलंच नव्हतं, तेव्हा त्याची माफी मागत नाही. नमस्कार.