शटर मी उघडलं

सगळ्यात आधी आल्या त्या तक्रारदारांच्याच मंडळी, घरातली खुर्ची काखोटीला मारून. पण जमादार म्हणतात, "आजी, असं मधूनच सुरू करू नका, आधी नाव, वय, धंदा, पत्ता." तर घ्या.

नाव कागदावरचं आहे ते वरच्या रकान्यात लिहून झालंय. गल्लीत मला पानेआजी म्हणतात. पाने म्हणजे झाडाची नव्हेत, नट खोलायचे. वय त्र्याहत्तर, एखादं इकडे तिकडे. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. धंद्याच्या जागी जमादारांनी 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. गाड्या दुरुस्ती. पत्ता, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

मी आज सोमवारी सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायांनी चौकीत हजर होऊन, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगते की:

वरील पत्त्यावर मी, मुलगा, सून आणि नात अशी चौघं राहतो. पुढचं गॅरेज ह्यांचं आणि माझं. ह्यांचं नाव विचारलं, ते बोर्डावर आहे, वाचून घ्या. हे गाडी खोलायचे आणि मी दाराशी बसून आवाज ऐकायचे. "अहो, दुसरा प्लग मारत नाहीये," एवढं मी सांगितलं की हे तोच प्लग काढायचे. चाळीस वर्षं हेच चाललं. गॅरेजचं शटर गेली दोन वर्षं बंद होतं. का बंद होतं, याचा तक्रारीशी संबंध नाही, असं जमादार स्वतःच म्हणाले. बरं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी नातीने एक कागद दाखवला. जवळच्या बंद कारखान्याच्या मैदानावर शनिवार-रविवार गॅरेज रॉकचा मेळा. त्यातलं 'गॅरेज' तेवढं मला वाचता आलं. मी म्हटलं, मी येणार, हा आपल्या धंद्याचा मेळा. नात म्हणाली, "आजी, तिथे गाणी असतात गं." मी म्हटलं, मेळा म्हटला की गाणी आलीच. झाली चूक ती इथे झाली. मला वाटलं गॅरेजवाल्यांचा मेळा, म्हणून मी साडीवरून ह्यांची गॅरेजात घालायची डांगरी चढवली, पाय दोनदा दुमडले आणि पान्यांची पेटी घेतली. सुनेने कपाळावर हात मारला. फाटकावरच्या बाईंनी विचारलं, "दुरुस्तीवाल्या का?" मी म्हटलं, हो. यात खोटं काय?

शनिवारी दुपारी बारा ते सहा मी मैदानावर होते. आवाज मोठा होता, हे खरं. दाढीवाला म्हणून एक गाणारा आहे (जमादारांनी 'सदर इसम' लिहिलंय, तो हाच), त्याने विचारलं, "आजी, कसं वाटलं?" मी म्हटलं, "सायलेन्सर काढलेल्या गाडीसारखं." त्याला वाटलं मी स्तुती केली. स्तुतीच होती. मग नातीने सांगितलं की ही गाणी पोरं घरच्या गॅरेजमध्ये वाजवून वाजवून शिकली म्हणून हे नाव पडलं. म्हणजे मी फार काही चुकले नव्हते.

दाढीवाल्याचा ढोलवाला तापाने पडला होता. त्याच्या जागी रविवारी दोन वाजता माझी नात वाजवणार होती. ढोल ती कॉलेजात शिकलेली, पण चार माणसांपुढे वाजवायची तिची पहिलीच वेळ. मोठा ढोल असतो तो पायाने वाजवायचा, त्याच्या पायटीची स्प्रिंग ढिली झालेली. मी पेटीतली ब्रेकची स्प्रिंग लावून दिली. नात म्हणाली, "आजी, आता बघ कसा लागतो." लागला.

रविवारी मैदानाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बारा वाजता भोंग्यावर सांगितलं, कार्यक्रम रद्द, घरी जा. दाढीवाला, त्याच्यासोबत वाजवणारी लांब केसवाली आणि माझी नात, तिघं फाटकापाशी सामानावर तोंडं पाडून बसलेली. नात रडत नव्हती. लहानपणापासून तिचं असंच आहे, रडू आलं की ती बुटाची नाडी सोडते आणि बांधते. तिसऱ्यांदा बांधायला लागली तेव्हा मी म्हटलं, "गाणं गॅरेजचं ना? मग गॅरेजमध्ये वाजवा. माझं आहे की एक."

नात म्हणाली, "आजी, ते शटर..."

मी म्हटलं, "चल."

किल्ली माझ्या कमरेलाच असते. शटर गंजलं होतं, दोन्ही बाजूंनी तेल सोडलं, मग उघडलं. पावणेचार वाजले होते. शटर मी उघडलं. मुलाने नाही, नातीने नाही, सदर इसमाने तर नाहीच नाही. हे मोठ्या अक्षरात लिहा.

आत सगळं होतं तसंच होतं. ह्यांचं स्टूलही. त्या स्टुलावर कुणी बसत नाही. दाढीवाला बसला. मी उठवलं नाही.

चार वाजता वाजवायला सुरुवात झाली आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळ्यात आधी तक्रारदारांच्या मंडळी आल्या. तक्रारदार म्हणजे शेजारचे हेडमास्तर, निवृत्त. मी म्हटलं, "या वहिनी." त्या म्हणाल्या, "आमचे हे झोपलेत, तोवर बसते." त्यांच्यामागून इस्त्रीवाला आला, शिंपीणबाई तिच्या दोन्ही सुना घेऊन आली, मग मी मोजायचं सोडलं. जमादार तेवीस म्हणतात, असतील. सगळ्यांना चहा दिला. नात पहिल्या गाण्यात दोनदा चुकली, पुढे नाही. मला ऐकूनच कळतं. तिसऱ्या गाण्याला सगळे प्लग मारत होते. वहिनींनी खुर्चीचा हात ठोकून ठोकून ताल धरला होता.

साडेपाचला हेडमास्तर बनियनवर आले. म्हणाले, "काय हा धिंगाणा? माणसाला दुपारची झोप आहे की नाही?" मी म्हटलं, "साडेपाच वाजले, तुमची दुपार केव्हा संपते?" तेवढ्यात त्यांना वहिनी दिसल्या. म्हणाले, "तू इथे?" वहिनी म्हणाल्या, "एवढं संपलं की येते." मला विचाराल तर तक्रार त्या एका वाक्यावर झालेली आहे, आवाजावर नाही.

सहाला वाजवणं संपलं. सव्वासहाला शिपाई आले आणि गप्प बसलेला ढोल उचलून घेऊन गेले.

तक्रारीत लिहिलंय की नातीने "वृद्ध आजीला न विचारता बेकायदा जमाव जमवला." माझी नात येत्या महिन्यात दवाखान्यात परिचारिका म्हणून लागणार आहे. त्याला याच चौकीचा चारित्र्याचा दाखला लागतो. तिच्या नावापुढे जमाव लागला तर दाखला अडेल, हे मला दुसरी शिकूनही कळतं. मुलगा येताना वाटेत म्हणाला, "आई, तू सांग की मी झोपले होते, मला काही माहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला कुणी काही करत नाही, आणि पोरीला समज देऊन सोडतील." मी त्याला म्हटलं, "मी झोपले होते म्हटलं की सगळं पोरीवर जातं, एवढं कळत नाही तुला? घरी जा, मी येते." तो बाहेर बाकावर बसलाय. बसू दे.

तर नीट ऐका. मला विचारून नाही, माझ्या सांगण्यावरून वाजवलं. जागा माझी, किल्ली माझी, चहा माझा. ढोलातली स्प्रिंगसुद्धा माझी. जो काही दंड, दटावणी, समज असेल ती माझ्या नावाने लावा. नातीच्या नावाने एक ओळ गेली तर मी रोज दहा वाजता इथे येऊन बसेन, आणि मी किती बोलते ते जमादारांना आता कळलंय.

जमादारांनी 'जमाव' शब्द लिहिला होता. मी म्हटलं, जमावाला कुणी कपबशीतून चहा देतं का? तो शब्द खोडून 'पाहुणे' लिहून घेतला. खाडाखोडीवर दोघांच्या सह्या आहेत.

बाहेर उभी आहे ती जमादारांचीच गाडी असेल तर तिची चेन सैल आहे, सकाळी ती आली तेव्हाच ऐकलं. हे लिहू नका म्हणाले. मी म्हटलं, मी सांगेन ते लिहायचं असा नियम तुमचाच. ढोल मला आज परत मिळावा. पायटी धरून उचलू नये, स्प्रिंग निसटते.

हे सगळं मला वाचून दाखवलं, दोनदा, कारण पहिल्या खेपेला जमादार 'पाहुणे' हा शब्द गिळत होते. मी सांगितलं तसंच उतरलंय. अंगठ्याची शाई परत ठेवा, मला सही येते, गाड्यांच्या पाट्या वाचून वाचून अक्षर बसलंय.

सही करायच्या आधी एक राहिलं. चौकीला आगाऊ कळवलं नाही, हा दोष जमादारांनी दाखवला. तेवढा मान्य. म्हणून आता आगाऊ कळवते, हीच सूचना समजावी आणि हेडमास्तरांनाही द्यावी, वहिनींना द्यायची गरज नाही. पाहुणे जाताना शब्द देऊन गेलेत: येत्या रविवारी, दुपारी चार वाजता.