मावशी, त्या खुर्चीवर बसू नका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपल्या कारागीर गल्लीतले माझे शेजारी, लांबून ही गल्ली पाहायला आलेले रसिक, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या वेतवाल्या मावशी,

मावशी, आधी एक विनंती. त्या खुर्चीवर बसू नका. अध्यक्षसाहेब, तुम्हीही आग्रह करू नका. का, ते सांगतो.

मी सुतार. गावच्या शाळेत शिकलो. तिथे भाषण म्हटलं की मागच्या बाकाखाली लपायचो. आज लपत नाही, कारण मी वैतागलोय.

मावशी उद्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. निरोपाला काय द्यावं म्हणून समितीची बैठक झाली. कुंभारकाका म्हणाले, "वेताची खुर्ची देऊ." सगळे म्हणाले, वा! चौकट मी केली. पण विणणार कोण? वेत विणणारं माणूस गल्लीत एकच. मग आपल्या हुशार समितीने काय करावं? 'बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचं काम' म्हणून ती चौकट मावशींकडेच पाठवली! सत्कारमूर्तीकडूनच सत्काराची वस्तू करून घेतली. देवा, तूच बघ रे बाबा!

मावशी रोज विचारायच्या, "अरे, ते गिऱ्हाईक कधी उगवणार? शेवटची गाठ राहिलीय." मी म्हणायचो, येईल, येईल. त्यांची रीतच आहे तशी. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, आपण खाली वाकून वीण किती दबते ते बघायचं, तेवढी ओढून घ्यायची आणि मगच गाठ मारायची. खाली वेत धरायला कुणी नसताना गाठीआधी कुणी टेकलं, की वीण सुटलीच. मघाशी खुर्चीवरचा कपडा काढला तेव्हा मावशी काय म्हणाल्या, ऐकलंत ना? "मेल्यांनो, गिऱ्हाईक मीच होय! मग आता मी वर बसू की खाली वाकू?"

आपण हसलो. टाळ्या वाजवल्या. उत्तर कुणी दिलं?

इतकी वर्षं माणसं येतात, वीण कुरवाळतात, "अहाहा, हाताने केलेलं!" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. पाहुण्यांना कशाला बोल लावू? ते निदान वाकून बघतात तरी. आपण काय केलं? वेत विणायला शिका म्हटलं की लोहारदादा म्हणतात, "मावशी आहेत की." शिंपीणवहिनी म्हणतात, "मावशी असताना आपण कशाला मधे मधे?" मावशी आहेत, मावशी आहेत! उद्यापासून नाहीत, त्याचं काय? मी देवापुढे दिवा लावतो तेव्हा फारसं मागत नाही. पण आज विचारलं, देवा, आम्हाला दोन-दोन हात दिलेस, ते काय टाळ्यांसाठीच?

म्हणून सकाळी मी कुणाला न विचारता वेताची जुडी आणली आणि दुकानामागच्या टाकीत भिजत घातली. कोरडा वेत वाकवला की मोडतो, एवढं मलाही कळतं. ज्याला शिकायचं असेल त्याने सभा संपल्यावर यावं. मावशी, गाडी उद्याची आहे. आजची संध्याकाळ तेवढी आम्हाला द्या.

काय म्हणालात? जरा मोठ्याने, मावशी, तुमच्यापुढे माईक नाही.

"सकाळपासून भिजतोय? अरे सुतारा, काळा पडेल तो! कुणी सांगितलं होतं तुला?"

कुणी नाही, मावशी. कुणाला माहीतच नाही! मघापासून मी दुसरं काय सांगतोय?

मंडळी, मावशी उठल्या. गुच्छ अध्यक्षांच्या हातात दिला आणि निघाल्यासुद्धा. लोहारदादा, तुम्ही कुठे? त्यांच्या मागे? वहिनी, तुम्हीही? जा, जा, मागच्या दाराची कडी जरा घट्ट आहे, खांदा लावा!

अध्यक्षसाहेब, तुमचं भाषण राहिलं, पोटात घाला. पाहुण्यांचे, समितीचे, अगदी कुंभारकाकांचेही मनापासून आभार. माझा रंधा कुणाच्या अंगाला लागला असेल तर सुताराची जीभ खरखरीतच, असं समजून माफ करा.

आणि येताना ती खुर्ची उचलून आणा रे कुणीतरी. अलगद. गाठ राहिलीय अजून.