गवतावर पाय ठेवायचा नाही

नाही, पण मी काय म्हणतो, घराला मागचं दार असतं कशाला? वापरायलाच ना? मग थोडे दिवस घरच्यांनी मागून ये-जा केली तर कुठे आभाळ कोसळतं? पण नाही! आमची लेक ऑफिसातून आली की फाटक उघडून सरळ अंगणातून... मी खिडकीतूनच ओरडलो, ‘गवतावर पाय ठेवायचा नाही!’ तर म्हणते, ‘बाबा, कुठाय गवत?’

आता तुम्हाला सांगतो, हा काय प्रश्न झाला? पेरलं होतं. मातीखाली होतं. म्हणजे होतंच की!

हे सगळं झालं आमच्या दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या घरापुढे हे एवढं लॉन, आणि मागल्या खेपेला सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, ‘तुझं काम नाही ते. तुझ्या हातून साधं गवत उगवायचं नाही.’ लागलं हो मला. लहानपणापासून हेच. सायकल? तुझं काम नाही. पोहणं? तुझं काम नाही. म्हटलं थांब, पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्या गवतावर चप्पल काढून चालशील आणि ‘वा’ म्हणशील!

मग काय, खणलं, दगड वेचले, माती चाळली... हिच्या पिठाच्या चाळणीनं, पण तो विषय नको. बियाणेवाला म्हणाला होता, पेरलं की वरून रोलर फिरवा. रोलर आणू कुठून? फळी टाकली आणि हिला म्हटलं, जरा वर उभी राहतेस का, वजनाचा उपयोग होईल... त्या दिवशी जेवायला वाढलं, पण बोलली नाही. बोलली ती एकदम दुसऱ्या दिवशी, मी पाइप सोडल्यावर. ‘अहो, बेतानं. तिकडे उतार आहे.’

बी मी पेरलेलं, पाइप माझ्या हातात, मी ऐकतोय होय? तहानलेल्याला काय कुणी बेतानं पाजतं? दिलं धो धो सोडून, सकाळ-संध्याकाळ! चिमण्या हाकलल्या, मांजर हाकललं, पोस्टमनला फाटकाबाहेरूनच पत्रं फेकायला लावली. गवतावर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही.

आणि उगवलं हो! एका सकाळी बघतो तर काय तो रंग, काय ते कोवळेपण, दाट इतकं की मुंगीनं वाट चुकावी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत. फक्त एकच... कसं सांगू... ते कुंपणाच्या पलीकडे होतं.

सगळं बी वाहत वाहत तारेखालून गेलेलं, थेट शेजाऱ्याच्या अंगणात! शेजारी म्हणजे आमचे आरामखुर्ची. नाव आम्हीच ठेवलंय, कारण या गृहस्थाला खुर्चीतून उठून काही करताना अजून कुणी पाहिलेलं नाही. आणि माझ्याकडे? टक्कल. कडेकडेनं कानाजवळ राहतात तेवढे चार केस. हिनं नुसतं फळीकडे बघितलं आणि आत गेली.

आणि नेमका दादा आला! माझ्या चिखलाकडे एकदा बघितलं, पलीकडे बघितलं, चप्पल काढली आणि गेला की तिकडे! चालतोय काय, वाकून हात फिरवतोय काय... ‘वा! गवत असावं तर असं. कसं जमवलंत हो?’ आणि आरामखुर्ची, खुर्चीतूनच बरं का, ‘काही नाही हो. पाणी तेवढं बेतानं घालायचं.’

बेतानं! हा सांगतोय!

दादा वर मला म्हणतो, ‘शीक जरा यांच्याकडून.’ आता मला राग यायला हवा होता की नाही? पण तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली माझी... अहो, दादा अनवाणी चालत होता, माझ्या गवतावर! जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्या कामाला ‘वा’ म्हटलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं, तो भाग वेगळा. पण चालणं कसलं, टाचा रोवत होता हो, एवढ्या कोवळ्या पात्यांवर! मला राहवेना. ओरडलोच, ‘दादा, गवतावर पाय ठेवायचा नाही!’

तो वळला. म्हणाला, ‘का? तुझ्या बापाचं आहे?’

आता सख्ख्या भावाला याचं काय उत्तर देणार? संध्याकाळी कुंपणावरून पाइप टाकला आणि पलीकडे पाणी घातलं.

बेतानं.