मधल्या हुकमावर अपील नाही

तुमी हसाल, पण मी एकदा परभणीच्या वकिलाला म्हणलो होतो, मला लवकर शिक्षा करा.

निजाम गेल्यानंतरची गोष्ट. बायको वारली अन् घरात मी आणि तिनं चिंधीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी, एवढेच उरलो. शेजाऱ्यानं ती मेंढी आपलीच म्हणत माझ्यावर चोरीची फिर्याद ठोकली. कोर्टानं खटला संपेपर्यंत मेंढी त्याच्याच ताब्यात दिली.

"वरच्या कोर्टात अपील करा, साहेब."

"मधल्या हुकमावर अपील नाही, बाबा. शिक्षा झाली की ये."

"मग उद्याच शिक्षा करा म्हणावं."

दोन वर्षांनी निर्दोष सुटलो. मेंढी मिळाली. अंगणात हाक मारली, तर ती शेजाऱ्याच्या दाराकडं पळाली.

परत वकील गाठला. "आता करा अपील."

"अरे, तू जिंकलास. जिंकलेल्याला अपील नसतं."